फार्मसी शिकलेली मुलगी सांडपाण्याच्या क्षेत्रात?

प्रश्न : माझी मुलगी बी.फार्म.च्या शेवटच्या वर्षाला आहे. ती एम.फार्म. करेल, मग औषध कंपनीत जाईल, असं आम्ही धरून चाललो होतो. प्रोजेक्टच्या निमित्ताने तिने सांडपाण्यात उरणाऱ्या औषधांबद्दल वाचलं आणि आता "मला यातच काम करायचंय" म्हणते. तिचे बाबा म्हणतात, "गटाराचं पाणी साफ करायला चार वर्षं फार्मसी कशाला शिकवली?" मलाही धाकधूक वाटते. यात भवितव्य आहे का? – एक आई

उत्तर : ताई, नमस्कार. तिच्या बाबांच्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो, कारण तो अगदी नेमका आहे. फार्मसीत शिकलेलं तिथे वाया जाईल का? माझ्या मते नाही. उलट, या कामातला सगळ्यात अवघड भाग फार्मसीवाल्याला लवकर कळतो.

सांडपाणी प्रक्रिया केंद्रं मुळात औषधांसाठी बांधलेलीच नाहीत. सेंद्रिय घाण, नायट्रोजन, फॉस्फरस काढणं हे त्यांचं काम, आणि ते मुख्यतः टाकीतले जिवाणू करतात. आपण घेतलेल्या गोळीचा काही अंश लघवीवाटे तिथे पोहोचतो आणि पुढे काय होतं ते औषधागणिक बदलतं. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन जिवाणू बहुतांशी खाऊन टाकतात. अपस्मारावरचं कार्बामाझेपिन मात्र आत येतं तसंच बाहेर पडतं. डायक्लोफिनॅक कुठे थोडं कमी होतं, कुठे होतच नाही.

कधी कधी तर बाहेर पडणाऱ्या पाण्यात औषध आत येताना होतं त्यापेक्षा जास्त सापडतं. नवखा इंजिनिअर म्हणेल, मोजमाप चुकलं. तुमची मुलगी म्हणणार नाही. शरीर काही औषधांना ग्लुकुरोनाइडची, म्हणजे साखरेसारख्या एका रेणूची, जोड लावून बाहेर टाकतं, हे तिने औषधांच्या चयापचयात शिकलेलं आहे. सांडपाण्यातले जिवाणू ती जोड तोडतात आणि मूळ औषध पुन्हा मोकळं होतं.

जिवाणूंना पुरून उरणारी औषधं तोडायला काही केंद्रं पुढे पाण्यात ओझोन वायू सोडतात. त्याचंही तसंच, औषधागणिक वेगळं. कार्बामाझेपिनला जिवाणू हात लावत नाहीत, पण त्याच्या रेणूतल्या दुहेरी बंधावर ओझोन तुटून पडतो. आयब्युप्रोफेनशी ओझोनची अभिक्रिया अगदी मंद, पण ते आधीच जिवाणूंनी संपवलेलं असतं. एक्स-रेसाठी देतात ती आयोडीनयुक्त द्रव्यं दोघांनाही फारशी दाद देत नाहीत. रेणूची रचना पाहून कोणता उपाय लागू पडेल याचा अंदाज बांधणं, हीच तर तिची चार वर्षांची कमाई!

ओझोनने औषध तुटतं, पण नाहीसं होत नाही. त्याचे तुकडे उरतात. म्हणून पुढे वाळूचा किंवा जैविक गाळणथर लागतो. पाण्यात ब्रोमाइड हा क्षार असेल तर ओझोनमुळे त्याचं ब्रोमेट तयार होतं आणि ते कर्करोगकारक मानलं जातं. दुसरा उपाय सक्रिय कार्बनचा, म्हणजे खास सच्छिद्र कोळशाचा. तो औषध धरून ठेवतो, तुकडे करत नाही. पण वापरलेला कार्बन जाळावा किंवा पुन्हा तापवून ताजा करावा लागतो. ओझोन की कार्बन, हा वाद अजून संपलेला नाही, म्हणजेच माणसं लागणार आहेत.

पाण्यात ही औषधं असतात नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागांत. एवढ्याशासाठी इतका खटाटोप कशाला, असं तिचे बाबा विचारतीलच. कॅनडातल्या एका प्रायोगिक तलावात २००१ पासून तीन उन्हाळे गर्भनिरोधक गोळ्यांमधलं इथिनाइल इस्ट्रॅडिऑल सोडलं गेलं. प्रमाण लिटरमागे पाच-सहा नॅनोग्रॅम. नर माशांमध्ये मादीची लक्षणं दिसू लागली आणि फॅटहेड मिनो या छोट्या माशाची तिथली संख्या जवळजवळ संपली.

आता नोकरीचं. इथे मी गुळमुळीत बोलणार नाही. जिथे कायदा औषधांचे अवशेष काढायला सांगत नाही, तिथे फक्त याच कामाच्या जागा थोड्या असतात. स्वित्झर्लंडने २०१६ पासून निवडक केंद्रांना ठरावीक सूक्ष्म प्रदूषकांपैकी (औषधांसारखी अत्यल्प प्रमाणातली रसायनं) सरासरी ८० टक्के काढणं बंधनकारक केलं. युरोपीय संघाने २०२४ च्या निर्देशात दीड लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येइतका भार पेलणाऱ्या केंद्रांना २०४५ पर्यंत ही वाढीव प्रक्रिया लावली, आणि तिचा किमान ८० टक्के खर्च औषध व सौंदर्यप्रसाधन उत्पादकांवर टाकला. औषध उद्योग याविरुद्ध न्यायालयात गेला आहे, त्यामुळे आकडे बदलूही शकतात. पण युरोपात नव्या औषधाची परवानगी मागताना पर्यावरणीय जोखमीचं मूल्यमापन आधीपासूनच द्यावं लागतं. म्हणजे बाबांची औषध कंपनी आणि मुलीचं सांडपाणी हे वाटतं तितके दूरचे रस्ते नाहीत.

म्हणून माझा कौल असा : तिने औषध विश्लेषणात एम.फार्म. करावं, पण प्रबंध सांडपाण्यावर घ्यावा. एलसी-एमएसवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून वजनावरून ओळखणाऱ्या यंत्रावर, स्वच्छ गोळीचं विश्लेषण करणं सोपं आहे. मैलापाण्यातून नॅनोग्रॅमभर औषध हुडकणं ही वेगळीच कसरत आहे. तीत हात बसला तर प्रक्रिया केंद्र, पाणी तपासणारी प्रयोगशाळा, औषध कारखान्याचा ईटीपी (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प) आणि संशोधन संस्था, सगळीकडे उपयोग होतो. पर्यावरण अभियांत्रिकीचं एम.टेक. तिला खुणावत असेल, तर आधी पात्रता वाचा. बऱ्याच ठिकाणी अभियांत्रिकीचीच पदवी मागतात. पर्यावरण विज्ञानाचे अभ्यासक्रम त्या मानाने मोकळे असतात. पाण्याचा प्रवाह, त्याचा टाकीतला मुक्काम, गाळाचं वय (जिवाणूंचा गाळ टाकीत किती दिवस राहतो) हे तिला कुठूनही शिकावंच लागेल.

आणि अर्ज भरण्याआधी तिला काही आठवडे एखाद्या केंद्रात राबू द्या. चोवीस तासांचा मिश्र नमुना गोळा करायचा म्हणजे रात्रीही हजेरी, बाटल्या थंड ठेवणं, आणि वास तर आहेच. शक्य असेल तर एक दिवस तिच्या बाबांनाही सोबत पाठवा. तिथून परतल्यावर तिला यंत्रापुढे बसायला आवडेल की टाक्यांपाशी उभं राहायला, ते विचारा. विश्लेषण की प्रक्रिया, हे तिच्या उत्तरावरून ठरवता येईल.