गुरूचा नुसता पांढरा गोळा येतोय? आयपीस कॅमेरा बदलू नका

१३० एमएम आरशाचा, ९०० एमएम फोकल लेंथचा न्यूटोनियन (आरशाचा टेलिस्कोप), त्यात आयपीसच्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या, जागी बसणारा दोन मेगापिक्सेलचा यूएसबी आयपीस कॅमेरा, लॅपटॉपवर गुरू म्हणजे पांढरा गोळा, म्हणून आता आठ मेगापिक्सेलचा घेऊ का असं विचारलंय तुम्ही. नका घेऊ. कॅमेरा ऑटो एक्स्पोजरवर आहे, बाकी काही नाही. स्क्रीनभर काळं आकाश बघून तो एक्स्पोजर वाढवत सुटतो आणि गुरू पार जळून जातो. शार्पकॅप हे कॅमेरा चालवायचं सॉफ्टवेअर टाका, ऑटो बंद करा, एक्स्पोजर १०-१५ मिलिसेकंदांवर आणून गेन (सेन्सरचा सिग्नल किती वाढवायचा ते) हळूहळू खाली घ्या, पट्टे दिसायला लागतील. तेव्हा गुरूचे चंद्र गायब होतात, होऊ देत, त्यांचा वेगळा शॉट घ्यायचा.

आणि हा कॅमेरा फोटोसाठी नाहीच मुळी, व्हिडिओसाठी आहे. हवा सारखी थरथरत असते, मधेच क्षणभर थांबते, ते क्षण पकडायला हजारो फ्रेम लागतात. गुरूभोवती ६४० बाय ४८० चा चौकोन ठेवा म्हणजे फ्रेम रेट वाढतो, एमजेपेग (दाबून लहान केलेला व्हिडिओ) नको, रॉ (न दाबलेला) असेल तर रॉ, आणि दोन-तीन मिनिटांत रेकॉर्डिंग थांबवा कारण गुरू १० तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, पट्ट्यांवरचे डाग फासले जातात. स्कोप फिरवणारी मोटर नसेल तर गुरू फ्रेममधून सरकू द्या, पिप या सॉफ्टवेअरमध्ये मध्यभागी आणता येतो. मग ऑटोस्टॅकर्ट या सॉफ्टवेअरमध्ये चांगल्या २०-२५ टक्के फ्रेम स्टॅक करायच्या, म्हणजे एकावर एक रचून एक चित्र करायचं, आणि रेजिस्टॅक्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वेव्हलेट (बारकावे उठावदार करायची सोय), पण जपून, स्लायडर ओढायचा मोह आवरत नाही आणि गुरू प्लास्टिकचा दिसायला लागतो.

मेगापिक्सेलचं म्हणाल तर बार्लोशिवाय (बार्लो म्हणजे प्रतिमा मोठी करणारं जोडभिंग) तुमच्या स्कोपमध्ये गुरू जेमतेम ५०-६० पिक्सेलचा येणार, उरलेले सगळे पिक्सेल काळं आकाश टिपणार! त्यापेक्षा चांगला २एक्स बार्लो घ्या. न्यूटोनियनमध्ये फोकसर पूर्ण आत घेऊनही फोकस लागत नाही ही नेहमीची रड, बार्लोने फोकस बाहेर सरकतो म्हणून तीही बहुतेक वेळा मिटते. दिवसा लांबच्या मोबाइल टॉवरवर फोकस लावून ड्रॉट्यूबवर (फोकसरच्या आत-बाहेर सरकणाऱ्या नळीवर) मार्करने खूण करून ठेवा (सूर्याच्या दिशेला अजिबात नको हां). सेन्सर इवलासा असतो, आपला अख्खा चंद्रसुद्धा मावत नाही, त्यामुळे आधी १० एमएमच्या आयपीसमध्ये गुरू बरोब्बर मध्यभागी आणायचा, फाइंडर (स्कोपवरची नेम धरायची छोटी दुर्बीण) जुळवून घ्यायचा आणि मगच कॅमेरा लावायचा.

ग्रहांसाठी वांगणीपर्यंत (मुंबईबाहेर, अंधाऱ्या आकाशासाठी) जायची गरज नाही, शहरातल्या दिव्यांनी गुरूला काही फरक पडत नाही. त्रास होतो तो गच्चीच्या स्लॅबचा, दिवसभर तापलेला असतो आणि रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडतो, त्याने वरची हवा थरथरते. स्कोप तासभर आधी बाहेर काढून ठेवा, गुरू वर चढू द्या, शेजाऱ्यांच्या एसीच्या युनिटवरून तर बघूच नका.

देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिकेचं मात्र यात विसरा. ती आकाशात तीन अंशांची, तुमची फ्रेम जेमतेम पाव-एक अंशाची. तिच्यासाठी डीएसएलआर, १३५ एमएमची लेन्स आणि एक ट्रॅकर (ताऱ्यांबरोबर कॅमेरा फिरवणारं यंत्र), स्कोप घरी राहिला तरी चालेल.