गाइडशिप मिळाली, पण गाइड व्हायचं कसं?

“पेशंट माझ्याकडे लांबून येतात. शिकवायलाही मला मनापासून आवडतं. पण पीजीची मुलगी थिसिसची फाइल घेऊन दारात उभी राहिली की पोटात गोळा येतो. मॅमना यातलं फारसं काही येत नाही, हे हिला आज कळणार, असंच वाटत राहतं.”

नाशिकमध्ये समुपदेशन करताना ही चिंता थोड्याफार फरकाने मी अनेकांकडून ऐकली आहे. म्हसरूळला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय आहे. शहरात आणि आजूबाजूला मेडिकल, डेंटल, आयुर्वेद, होमिओपॅथी, नर्सिंग, फिजिओथेरपी अशी सगळ्या शाखांची कॉलेजं आहेत. म्हणजे गाइडही, पीजीच्या मुलांना थिसिससाठी मार्गदर्शन करणारे शिक्षकही, भरपूर. पीजीच्या मुलांच्या ताणाबद्दल हल्ली निदान बोललं तरी जातं. त्यांच्या गाइडच्या मनात काय चाललंय हे मात्र कुणी विचारत नाही आणि तेही आपणहून सांगत नाहीत. म्हणून ही एक केस संबंधितांच्या परवानगीने मांडते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

फिजिओथेरपीच्या एका कॉलेजात शिकवणाऱ्या या बाईंना इथे मी फक्त मॅडम म्हणते. वय चाळिशीच्या आसपास, गाइड म्हणून मान्यता मिळून फार दिवस झालेले नव्हते. आल्या आल्याच म्हणाल्या, “मला गाइडशिप सोडायची आहे. विभागप्रमुखांना ते नीट कसं सांगू, एवढंच विचारायला आले आहे.”

झोप, भूक, घरचं वातावरण, जगणं नकोसं वाटतं का, हे सगळं मी आधी विचारून घेतलं. आजार म्हणावा असं काही दिसलं नाही. रविवारी संध्याकाळपासून छाती जड व्हायची, रात्री दोन-दोनदा फोन बघितला जायचा. ओपीडीत पाऊल टाकलं की हे सगळं गायब. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटली. कारण ज्या कामाचं रीतसर शिक्षण मिळालं होतं, तिथे भीती नव्हती. जे काम कुणी शिकवलंच नव्हतं, तिथेच ती होती. संशोधनपद्धतीचा अभ्यास मॅडमनी केला होता. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, चेन्नईच्या साथरोगविज्ञान संस्थेचा ऑनलाइन बेसिक कोर्सही पूर्ण केला होता. त्यात नमुनासंख्या कशी काढायची, अभ्यासाचा आराखडा कसा निवडायचा हे शिकायला मिळतं. समोर बसलेल्या पंचवीस वर्षांच्या मुलीशी तिच्या अर्ध्याकच्च्या मसुद्याबद्दल कसं बोलायचं, हा वेगळा अभ्यास आहे.

“तुमचे गाइड कसे होते?” मी विचारलं.

उत्तर लगेच आलं. सहीसाठी संध्याकाळपर्यंत केबिनबाहेर थांबायचं. आत गेलं की लाल पेनाच्या रेघा, आणि रेघ का मारली हे विचारायची सोय नाही. मॅडमनी तेव्हाच ठरवलं होतं की आपण असं कधी वागायचं नाही. त्यामुळे त्या मुलांना काही म्हणतच नसत. “तुझं तू कर, अडलं तर ये,” एवढंच. मुलं अर्थातच येत नसत. सबमिशन तोंडावर आलं की मॅडमचा धीर सुटायचा, मग रात्री जागून त्या स्वतःच मास्टर चार्ट, म्हणजे गोळा केलेल्या माहितीचा तक्ता, सरळ करायच्या, परिच्छेदच्या परिच्छेद नव्याने लिहायच्या. आणि हे आपल्यालाच करावं लागतंय याचा राग साठत जाऊन एखाद्या दिवशी भलत्याच गोष्टीवर निघायचा. आधी मोकळं सोडणं, मग सगळं अंगावर घेणं आणि शेवटी चिडणं. हा फेरा मी इतर शाखांच्या गाइडमध्येही बघितला आहे. स्वभावाने हळवी, कामाला चोख असलेली माणसं यात जास्त अडकतात, असं माझं निरीक्षण आहे.

राग निघाला तो प्रसंग असा. एका विद्यार्थिनीचा विषय होता द्राक्षबागेत काम करणाऱ्या बायकांची खांदेदुखी. आपल्या दिंडोरी-निफाड पट्ट्याला अगदी लागू. ऑक्टोबर छाटणीनंतर फेलफूट (नको असलेली फूट) काढणं, विरळणी, घड औषधात बुडवणं ही कामं सुरू होतात आणि मांडवाखाली तासन्‌तास हात खांद्याच्या वर धरून राहावं लागतं. पेठ-सुरगाण्याकडून टोळ्या येतात. ही मुलगी बागांमधून फिरून माहिती गोळा करत होती. खांद्याच्या दुखण्यासाठी जगभर वापरली जाणारी ‘स्पॅडी’ नावाची १३ प्रश्नांची प्रश्नावली ती वाचून दाखवायची आणि उत्तरं लिहून घ्यायची. फॉर्म मॅडमच्या टेबलावर आले तेव्हा बहुतेकांवर एकच रकाना रिकामा होता. मॅडम इतर विद्यार्थ्यांसमोर म्हणाल्या, “एवढा साधा फॉर्म तुला भरून घेता येत नाही?” त्यानंतर ती मुलगी दिसेनाशी झाली. फाइल मैत्रिणीच्या हाती पाठवायची, मेसेजला “ओके मॅम” एवढंच उत्तर.

मी विचारलं, “रकाना रिकामा का होता?”

“निष्काळजीपणा, दुसरं काय?”

“तिला विचारलंत?”

नव्हतं विचारलं. पुढच्या भेटीपर्यंत करायचं काम ठरलं ते एवढंच: तिला एकटीला बोलवायचं, सगळ्यांसमोर बोलल्याबद्दल आधी ‘चुकलं माझं’ म्हणायचं आणि मग फक्त हा एक प्रश्न विचारायचा.

तो विचारायचा कसा, याचा आम्ही माझ्या खोलीत सराव केला. विद्यार्थिनीच्या जागी मी बसले. पहिल्यांदा मॅडम म्हणाल्या, “हा कॉलम का सोडलास?” शब्दांत काही गैर नाही, पण भुवया वर आणि बोट फॉर्मवर टेकवलेलं. मग खुर्ची टेबलाच्या पलीकडून माझ्या शेजारी आणली, फॉर्म दोघींच्या मध्ये ठेवला. “हा प्रश्न विचारताना बागेत काय होत होतं, सांग ना मला.” हे जमलं. त्यानंतर गप्प बसणं मात्र जमेना. मी चार-पाच सेकंद काही बोलले नाही तर मॅडम स्वतःच उत्तर सुचवायला लागायच्या: “वेळ नव्हता का? त्यांना कळलं नाही का?”

तेव्हा मी त्यांच्याच ओपीडीतलं विचारलं. स्ट्रोक झालेल्या पेशंटचा हात अर्ध्यावर येऊन थरथरत थांबला तर तुम्ही काय करता? त्या म्हणाल्या, थांबते. त्याच्या स्नायूला जेवढं जमतंय तेवढं करू देते, कमी पडतं तेवढाच हात लावते, आणि दर आठवड्याला माझा आधार थोडा कमी करते. पूर्ण हात मीच उचलून दिला तर व्यायाम माझा होईल. हे बोलता बोलताच मॅडम थांबल्या आणि हसल्या. पुढे कितीतरी वेळा ‘इथे माझा हात किती लागायला हवा?’ हाच प्रश्न त्या स्वतःला विचारायच्या.

पुढच्या भेटीत मॅडम त्या मुलीचं उत्तर घेऊन आल्या. रिकामा रकाना होता ‘मागच्या खिशातून वस्तू काढताना किती त्रास होतो’ या प्रश्नाचा. मुलगी म्हणाली होती, “मॅम, त्या सगळ्या साडीवर पुरुषी शर्ट घालून काम करतात. मागे खिसाच नाही. एक मावशी म्हणाल्या, मी पिशवी कमरेला मागं खोचते, ती काढताना लई दुखतं, तेच लिही. पण तसं लिहिलेलं चालेल की नाही, मला कळेना. म्हणून सोडलं.”

निष्काळजीपणा कुठे होता यात? त्या मुलीने संशोधकाचंच काम केलं होतं. दुसऱ्या देशात तयार झालेलं मोजमाप आपल्या बागेतल्या बाईला कुठे लागू पडत नाही, हे तिने टिपलं होतं. खिशाऐवजी पिशवी लिहून प्रश्न परस्पर बदलला तर मोजमापाचा भरवसा राहत नाही, एवढी जाणही तिला होती. तिला गरज होती ती ही शंका घेऊन येता येईल अशा जागेची.

आणि इथेच मॅडमची मूळ भीती समोर आली. अशा वेळी नेमकं काय करायचं ते त्यांनाही पक्कं माहीत नव्हतं. “मला माहीत नाही” हे विद्यार्थ्यासमोर म्हणायचं म्हणजे गाइडचं पद गेलंच, अशी त्यांची समजूत होती. कर्तबगार माणसांना आतून सतत ‘आपण इथे खोटेच आलो, आता पकडले जाणार’ असं वाटत राहतं, याची नोंद अमेरिकेत पॉलीन क्लान्स आणि सुझान इम्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७८ मध्येच केली आहे. पदव्या वाढल्या म्हणून ही भावना कमी होत नाही. आपल्याकडे ‘गुरूला सगळं यायलाच हवं’ ही अपेक्षा त्यात भर घालते. मॅडमनी त्या दिवशी मुलीला सांगितलं, “मला हे नक्की माहीत नाही. आपण दोघी मिळून विचारू.” मुलीने लगेच वही काढली. प्रश्नावलीच्या गुणांकनाची माहिती तिने शोधून आणली. लागू न होणारा प्रश्न वगळून गुण काढायची सोय त्यात होती. कम्युनिटी मेडिसिनमधल्या एका ज्येष्ठ सरांनी बाकीचं समजावलं आणि पिशवीचं निरीक्षण चर्चेच्या प्रकरणात घ्यायला लावलं. ते सर पुढे मॅडमचे मार्गदर्शक झाले. गाइडलाही कुणीतरी हवं असतं, हे मी आग्रहाने सांगते. ती व्यक्ती शक्यतो दुसऱ्या विभागातली असावी, म्हणजे मोकळेपणाने बोलता येतं.

यानंतर आम्ही एका कागदावर काही गोष्टी लिहून काढल्या, आणि त्या मॅडमनी प्रत्येक विद्यार्थ्याबरोबर बसून पक्क्या केल्या. एक आड एक गुरुवारी ओपीडीनंतर अर्धा तास भेट. काही लिहून झालं नसलं तरी यायचंच. भेटीत काय ठरलं ते विद्यार्थ्याने त्याच दिवशी तीन-चार ओळींत कळवायचं. मसुदा दिला की मॅडम आठवड्यात परत देणार. रात्री नऊनंतर थिसिसचे मेसेज दोन्हीकडून बंद. थिसिसवरून शोधनिबंध, म्हणजे पेपर, निघाला तर पहिलं नाव कुणाचं, हेही आधीच बोलायचं. हा शेवटचा मुद्दा मॅडमना अवघडल्यासारखा वाटत होता. पण पेपरवरच्या नावावरून दुखावलेले विद्यार्थी आणि दुखावलेले गाइड दोन्ही माझ्याकडे आले आहेत, आणि तो विषय आधी निघाला असता तर बराचसा मनस्ताप टळला असता.

वेळापत्रक उलटं मोजायचं हेही ठरलं. छाटणी कुणासाठी थांबत नाही. सिनॉप्सिस (संशोधनाचा सुरुवातीचा आराखडा) आणि एथिक्स कमिटीची मंजुरी लांबली तर हंगाम निघून जातो आणि दोन वर्षांच्या एमपीटीत, म्हणजे फिजिओथेरपीच्या पीजीत, पुढचा हंगाम गाठेपर्यंत नाकी नऊ येतात. हे विद्यार्थ्याला पहिल्या महिन्यात सांगणं गाइडचं काम आहे. तसंच पहिल्या दिवशी सोबत बागेत जाणंही. मुकादमाने “घ्या हो, विचारा सगळ्यांना” म्हटलं म्हणजे त्या बायकांची संमती मिळाली असं होत नाही. प्रत्येकीला वेगळं समजावून विचारावं लागतं, आणि तिला वाचता येत नसेल तर अंगठा घेताना निःपक्ष साक्षीदार लागतो. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत हे आहे. पण मुकादम शेजारी उभा असताना त्याला न दुखवता बाजूला कसं करायचं, हे विद्यार्थी सूचनांतून शिकत नाही. मॅम ते कशा करतात हे बघून शिकतो.

मसुद्यावर बोलायची पद्धतही बदलली. पेंडल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये मांडलेला क्रम वैद्यकीय शिक्षणात बराच वापरला जातो: काय चांगलं झालं ते आधी शिकणाऱ्याने सांगायचं, मग शिकवणाऱ्याने, काय सुधारता येईल तेही आधी शिकणाऱ्यानेच. मॅडमना तो सुरुवातीला कृत्रिम वाटला आणि यांत्रिकपणे केला तर तो तसा वाटतोच. त्यांनी त्यातलं एक उचललं. पेन हातात घ्यायच्या आधी “यात तुला स्वतःला कुठलं पान कच्चं वाटतंय?” एवढं विचारायचं. बहुतेक वेळा मुलं नेमकं तेच पान काढून दाखवतात.

“एवढा वेळ आणायचा कुठून?” हा प्रश्न प्रत्येक गाइड विचारतो आणि तो खरा आहे. ओपीडी, लेक्चर, परीक्षा, इन्स्पेक्शन, घर. माझं उत्तर असं की तो वेळ आताही जातोच आहे, रात्री जागून दुसऱ्याचा थिसिस लिहिण्यात.

एक मर्यादाही सांगायला हवी. गाइडने समुपदेशक व्हायचं नाही. विद्यार्थी सतत रडतोय, झोपत नाही, जगण्यात अर्थ नाही असं बोलतोय, तर थिसिस बाजूला ठेवून त्याला एकटं न सोडता मदतीपर्यंत पोहोचवायचं. सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेली-मानस फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही आहे. हा नंबर मॅडमनी केबिनच्या दारावर लावला आहे.

गाइडशिप त्यांनी सोडलेली नाही. त्या मुलीशी नातं सावरलं, रविवारची छाती जड होणं पुष्कळ कमी झालं. पण त्यांचा दुसरा एक विद्यार्थी हुशार असूनही लिहीत नाही, आणि शेवटी मॅम लिहून देतील असं त्याने बहुधा गृहीत धरलं आहे. त्यासाठी मॅडम अजून माझ्याकडे येतात. समजावणं, विचारणं, वाट बघणं सगळं करून झालं आहे. आता त्यांनी विभागप्रमुखांना लेखी कळवलं आहे, डिस्कशनच्या प्रकरणासाठी त्याला तारीख दिली आहे, आणि त्या तारखेला कच्चं-पक्कं जे असेल ते दोघं मिळून वाचू, पण त्यातली एक ओळही मी लिहिणार नाही, असं त्याला समोर बसवून सांगितलं आहे.