सेंट किल्डा: संत नसलेल्या बेटावरचे चर्च

प्रश्न: माझा भाचा स्कॉटलंडमध्ये शिकतो. सुट्टीत तो सेंट किल्डा नावाच्या दूरच्या बेटावर गेला होता आणि तेथील एका चर्चचे छायाचित्र त्याने पाठविले. त्यात मनोरा नाही, रंगीत काचा नाहीत, मूर्ती नाही. गावाकडची जुनी शाळा म्हणून ती इमारत सहज खपेल. हा संत किल्डा कोण, आणि त्याचे चर्च इतके ओकेबोके का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: किल्डा नावाचा संत झालाच नाही. जुन्या नकाशांवर हे नाव कसे उमटले याविषयी निरनिराळे तर्क आहेत. बेटावरचे लोक मात्र आपल्या बेटाला हिर्टा म्हणत. आउटर हेब्रिडीज बेटांच्याही पश्चिमेला, अटलांटिक महासागरात सुमारे ६४ किलोमीटर आत ते आहे. समुद्रपक्षी आणि त्यांची अंडी हे तेथील मुख्य अन्न, आणि जमीनमालकाचा खंडही बराचसा पिसांच्या व पक्ष्यांच्या तेलाच्या रूपानेच भरला जाई. अशा वस्तीवर मनोऱ्याचे चर्च कोणी आणि कशाच्या बळावर उभारावे?

तथापि साधेपणाचे खरे कारण गरिबी नसून श्रद्धा आहे, आणि ते समजून घेण्यासाठी कोल्हापूरकराला फार लांब जावे लागत नाही. आपल्या वायल्डर मेमोरियल चर्चला ज्यांचे नाव आहे ते रॉयल वायल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले, आणि त्यांचे काम पुढे अमेरिकेतील ज्या प्रेसबिटेरियन मिशनकडे गेले, त्या पंथाची पाळेमुळे स्कॉटलंडमध्येच आहेत. या पंथात देवाचे वचन वाचणे, ऐकणे आणि स्तोत्रे गाणे हेच उपासनेचे सार मानले जाते. म्हणून जुन्या स्कॉटिश चर्चमध्ये नजर वेदीकडे न जाता उपदेशपीठाकडे जाते, आणि मूर्ती व चित्रे मन विचलित करतात म्हणून ती कटाक्षाने टाळलेली असतात. गेलिक भाषेतील स्तोत्रगायनात वाद्यही नसे. एकजण ओळ सुरू करी आणि मंडळी ती उचलून धरी. शाहिरामागे झीलकरी उभे राहिलेले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही रीत परकी वाटू नये.

हिर्टाच्या चर्चचा आराखडा रॉबर्ट स्टीव्हन्सन यांचा. त्यांची कीर्ती दीपस्तंभ बांधणारे अभियंते म्हणून होती, त्यामुळे वाऱ्याला आणि लाटांना तोंड देणारे बांधकाम त्यांना नवे नव्हते. १८३० मध्ये नील मॅकेन्झी हे बेटावर कायम राहणारे पाळक म्हणून आले. त्यांच्यानंतरच्या जॉन मॅके यांच्या कारकिर्दीत (१८६५ ते १८८९) रविवारी तासन्‌तास चालणाऱ्या तीन-तीन उपासना होत. या कडकपणामुळे बेटाचे जीवन कोमेजले, असे अनेक जण लिहितात. मला हे अर्धेच पटते, कारण पुढची हकीगत त्याच चर्चमधून सुरू होते.

बेटावर बाळ जन्मले की आठवड्याभरात दगावण्याचा धोका फार मोठा असे; एकोणिसाव्या शतकातील कित्येक वर्षे निम्म्याहून अधिक अर्भके अशीच गेली. हा धनुर्वात होता. नाळेच्या जखमेतून तो शिरत असे, परंतु तो देवाच्या इच्छेचा भाग समजणारेही होते. आपल्याकडे पाचवीला सटवाई पुजण्यामागे त्याच पहिल्या आठवड्याची धास्ती आहे. मॅके यांच्यानंतर आलेले पाळक अँगस फिडीस मात्र स्वस्थ बसले नाहीत. ते ग्लासगोला जाऊन बाळंतपणातील जंतुनाशक पद्धत शिकून आले आणि बेटावरच्या बायकांचा विरोध सोसूनही त्यांनी ती रुजविली. थोड्याच वर्षांत त्या आजाराने होणारे मृत्यू थांबले.

पण माणसे उरली नाहीत. १८५२ मध्येच, म्हणजे वायल्डर आपल्याकडे आले त्याच वर्षी, ३६ जण ऑस्ट्रेलियाला निघाले होते. १९१८ च्या मे महिन्यात जर्मन पाणबुडीने गावावर तोफगोळे डागले, त्यात चर्चचीही हानी झाली. अखेर तरुण मनुष्यबळ घटत गेल्याने उरलेल्यांनी स्वतःच सरकारकडे अर्ज केला, आणि २९ ऑगस्ट १९३० रोजी ३६ जणांनी बेट सोडले. योगायोगाने आकडा तोच. जाताना घराघरांत उघडे बायबल आणि ओटचे मूठभर दाणे ठेवले होते, असे सांगतात.

१९५७ पासून बेटाची मालकी नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडकडे आहे. निसर्गवारसा म्हणून १९८६ मध्ये आणि सांस्कृतिक वारसा म्हणून २००५ मध्ये युनेस्कोने त्याला मान्यता दिली. चर्चही दुरुस्त करून जतन केले आहे. आपल्या भाच्याने आतले छायाचित्र काढले असेल, तर उपदेशपीठ मुद्दाम पाहावे: खोलीतील सगळी बाके त्याच्याकडेच तोंड करून आहेत.