वाचकांचे प्रश्न : देवराई राखायची आहे, पैसा कुठून आणावा?

पर्यावरणाच्या कामासाठी अनुदान कोठे मिळते आणि पुरस्कारासाठी अर्ज कसा करावा, असे विचारणारी बरीच पत्रे या सदराकडे साचली होती. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिल्या पत्राला अधिक जागा दिली आहे, कारण त्यातली अडचण बहुतेक गावमंडळांची आहे.

प्रश्न : आमच्या वाडीची देवराई सुमारे आठ एकरांची असून तिच्यातल्या झऱ्यावर उन्हाळ्यात वाडीचे पाणी चालते. गेली सहा वर्षे आम्ही तरुण मुले होळीच्या आधी जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारी साफ पट्टी, काढतो, पऱ्यावर वनराई बंधारे घालतो आणि पावसाळ्यात रोपे लावतो. मंडळाची नोंदणी नाही. आता झऱ्याची डागडुजी, रोपवाटिका आणि कुंपण करायचे आहे. अंदाजे चार लाख रुपये लागतील. अर्ज कोणत्या संस्थेकडे करावा?
— एक वाचक, संगमेश्वर तालुका

उत्तर : आपण चार लाखांचा एकच आकडा लिहिला आहे आणि बहुतेक मंडळांची गाडी तिथेच अडते. एवढ्या सगळ्या कामांना मिळून पैसे देणारा एक दाता शोधत बसण्यापेक्षा, यांतले कोणते काम कोणाच्या दारात नेता येईल हे पाहणे अधिक सोपे असते. झऱ्याची डागडुजी हे पिण्याच्या पाण्याचे काम आहे. ते ग्रामपंचायत विकास आराखड्यात घालून घेतले, तर वित्त आयोगाच्या निधीतून होऊ शकते, कारण त्या निधीचा ठरावीक हिस्सा पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करण्याचे बंधन ग्रामपंचायतीवर असते. हा आराखडा ग्रामसभेत मंजूर होतो, म्हणून त्या सभेला वाडीतल्या पाणी भरणाऱ्या बायकांनी हजर राहून विषय मांडावा. सरपंचांना एकट्याने गाठून केलेल्या विनंतीपेक्षा त्याचे वजन जास्त पडते. रोपवाटिकेसाठी सामाजिक वनीकरण विभागाच्या कार्यालयात जावे. जाळरेषा मात्र आजवर काढली तशी श्रमदानानेच काढत राहावी आणि त्या श्रमदानाची हजेरी वहीत लिहावी, कारण पुढे कोठेही प्रस्ताव दिला तर हीच हजेरी आपला लोकवाटा म्हणून दाखवता येते.

उरले कुंपण. याबाबत माझे मत आपल्याला कदाचित रुचणार नाही. काटेरी तारेसाठी पैसे मागणारे प्रस्ताव देणाऱ्याला आवडत नाहीत आणि कोकणच्या पावसात तार फार वर्षे टिकतही नाही. गुरे जिथून आत शिरतात तेवढ्याच भागात दगडाचा गडगा घातला, तर खर्च पुष्कळच कमी होईल.

यानंतर तलाठ्याकडून देवराईचा सातबारा काढून घ्यावा. काही देवराया देवस्थानाच्या नावावर आहेत, काही शासनाच्या, तर काही खासगी खातेदारांच्या. मानकऱ्यांनी शेकडो वर्षे राई राखली असली, तरी अनुदान देणारा आधी जमिनीचा मालक कोण हेच विचारतो, आणि त्या मालकाची लेखी संमती जोडलेली नसेल तर प्रस्ताव पुढे सरकत नाही.

आपल्या ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असलीच पाहिजे. जैवविविधता कायदा २००२ च्या कलम ४१ नुसार ती प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत असते आणि लोकजैवविविधता नोंदवही तयार करणे हे तिचे मुख्य काम आहे. ती नोंदवही मागून घेऊन वाचा. त्यात आपल्या राईचे वर्णन दोन ओळींत उरकलेले असेल, तर कोणती झाडे आहेत, कोणती वेल औषधाला नेली जाते, धनेश पक्षी कोणत्या झाडावर येतो, झरा कोणत्या महिन्यात आटतो, हे सगळे वडीलधाऱ्यांकडून विचारून त्यात लिहवून घ्या. याच कायद्याच्या कलम ३७ खाली राज्य शासन जैवविविधता वारसा स्थळ घोषित करू शकते. सिंधुदुर्गात आंबोलीजवळचे हिरण्यकेशीचे स्थान शिस्टुरा हिरण्यकेशी या छोट्या माशासाठी २०२१ साली असे घोषित झाले. अशा दर्जाने लगेच पैशांचा ओघ सुरू होतो अशी समजूत करून घेऊ नये. परंतु उद्या रस्ता किंवा खाण राईच्या कडेला आली, तर गावाच्या हाती एक भक्कम कागद राहतो, आणि माझ्या मते त्याची किंमत चार लाखांहून अधिक आहे.

नोंदणीविषयी आपण विचारलेले नाही, तरी सांगतो. संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम १९५० या दोन्हींखाली मंडळाची नोंदणी होऊ शकते. मात्र नोंदणी झाली की दरवर्षीचे लेखापरीक्षण आले, विश्वस्त बदलले की धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज देणे आले, आणि हे सांभाळणारा एक तरी चिकाटीचा माणूस वाडीत कायम असावा लागतो. केवळ एका कामाच्या पैशासाठी नोंदणी करू नये. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीचा, म्हणजे सीएसआरचा, मोह अनेकांना होतो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करावी लागते, पर्यावरण संवर्धन त्या कामांच्या यादीत आहे, आणि कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावे असेही कायदाच सांगतो. पण हा पैसा बाहेरच्या संस्थेमार्फत खर्च होणार असेल, तर त्या संस्थेकडे आयकराची १२ ए व ८० जी या नावांनी ओळखली जाणारी नोंदणी, कंपनी व्यवहार मंत्रालयाकडील नोंदणीचा सीएसआर-१ क्रमांक आणि तीन वर्षांच्या कामाचा अनुभव असावा लागतो. आज नोंदलेल्या मंडळाला तो उद्या मिळत नाही. जिल्ह्यातील एखाद्या जुन्या, हिशेब चोख असणाऱ्या संस्थेशी लेखी करार करून तिच्यामार्फत काम करणे हा आपल्यासाठी बरा मार्ग आहे. ज्या कारखान्याचे सांडपाणी आपल्या खाडीत उतरते त्याचे पैसे घ्यावेत की नाही, हा प्रश्नही केव्हातरी समोर येईल. तो दोघातिघांत न सोडवता ग्रामसभेत चर्चेला आणून जो निर्णय होईल त्याचा ठराव करावा.

एक अनुभव सांगतो. मी ज्या संस्थेत काम करत होतो तिचा पहिला प्रस्ताव नामंजूर होऊन परत आला, तेव्हा आम्ही देणाऱ्यांना बरीच नावे ठेवली. नंतर फाइल उघडून पाहिली, तर ग्रामसभेच्या ठरावावर तारीख नव्हती आणि जगलेल्या झाडांची संख्या एका पानावर ६०० तर दुसऱ्या पानावर ४५० होती. त्या दिवसापासून मी सगळ्यांना आधी नोंदी ठेवा असे सांगत आलो आहे. आपण सहा वर्षे रोपे लावली, पण त्यांतली किती जगली? दर वर्षी मे महिन्यात मोजा. एकाच जागेवर उभे राहून दर वर्षी त्याच तारखेला राईचे छायाचित्र घ्या. झऱ्याखाली दहा लिटरची कळशी ठेवून ती किती सेकंदांत भरते हे फेब्रुवारीपासून दर पंधरवड्याला लिहून ठेवा. या वहीला खर्च काहीच नाही, आणि तीन उन्हाळ्यांच्या अशा आकड्यांसमोर गुळगुळीत छापलेले माहितीपत्रक फिके पडते. राज्य शासनाच्या छत्रपती शिवाजी महाराज वनश्री पुरस्कारासाठी व्यक्ती, शैक्षणिक संस्था, सेवाभावी संस्था आणि ग्रामपंचायत असे वेगवेगळे गट असतात. त्याचा अर्ज भरतानाही हीच वही कामाला येईल.

प्रश्न : आमच्या संस्थेच्या संस्थापिका तीस वर्षे नदी वाचवण्याचे काम करत आहेत. गोल्डमन पुरस्कारासाठी त्यांचा अर्ज कसा भरावा? अन्य कोणते आंतरराष्ट्रीय पुरस्कार आहेत?
— एक कार्यकर्ती, पुणे

उत्तर : गोल्डमन पुरस्कारासाठी अर्ज करता येत नाही. सॅन फ्रान्सिस्को येथून १९९० पासून दिल्या जाणाऱ्या या पुरस्काराची नामांकने ठरावीक संस्था आणि तज्ज्ञ गोपनीय रीतीने पाठवतात. मेधा पाटकर यांना तो १९९२ साली मिळाला आणि छत्तीसगडमधील हसदेव अरण्याच्या लढ्यासाठी आलोक शुक्ला यांना २०२४ साली मिळाला. ब्रिटनचे युवराज विल्यम यांनी पर्यावरणाच्या उपायांसाठी सुरू केलेल्या अर्थशॉट पुरस्काराचेही तसेच आहे. तिथे नेमलेल्या नामांकनकर्त्यांकडूनच नाव जावे लागते. शेतमाल सौर ऊर्जेने वाळवण्याचे तंत्र महिला शेतकऱ्यांपर्यंत नेणाऱ्या एस४एस टेक्नॉलॉजीज या आपल्याकडच्या उपक्रमाला २०२३ साली तो मिळाला, तेव्हा त्याची रक्कम दहा लाख पौंड होती.

ज्यांच्याकडे स्वतः अर्ज करता येतो असे पुरस्कारही आहेत. ब्रिटनमधील व्हिटली फंड फॉर नेचर या संस्थेचा व्हिटली पुरस्कार त्यांतला प्रमुख आहे. आसामात हरगिला पक्ष्यासाठी गावातल्या स्त्रियांची फळी उभी करणाऱ्या पूर्णिमा देवी बर्मन यांना तो २०१७ साली मिळाला आणि २०२४ साली त्यांना त्याच संस्थेचा सुवर्ण पुरस्कारही मिळाला. या पुरस्काराची रक्कम व्यक्तीच्या खिशासाठी नसून प्रकल्पासाठी असते, त्यामुळे तो मिळवणे म्हणजे प्रत्यक्षात अनुदान मिळवणेच आहे, आणि अर्जात पुढे काय करणार हे तपशिलाने मांडावे लागते. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार व्यक्तींना न देता स्थानिक समूहांना दिला जातो; स्वयं शिक्षण प्रयोग या महाराष्ट्रातील महिलांच्या संस्थेला तो २०१६ साली मिळाला. आपण संस्थापिकांच्या नावाऐवजी नदीकाठच्या गटांच्या नावाने विचार केलात, तर हा मार्ग आपल्याला अधिक जवळचा वाटेल. वर्सोव्याच्या किनाऱ्यासाठी अफरोज शाह यांना २०१६ साली आणि माधव गाडगीळ यांना २०२४ साली मिळालेला 'चॅम्पियन्स ऑफ द अर्थ' हा सन्मान संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रमाचा आहे.

प्रश्न : मी प्राणिशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतले असून आमच्या भागातील खवले मांजरावर काम करू इच्छितो. एका ब्रिटिश फाउंडेशनचे छोटे अनुदान व्यक्तींनाही मिळते असे ऐकले. ते पैसे थेट माझ्या खात्यात घेता येतील का?
— एक वाचक, दापोली

उत्तर : आपल्या मनात रफर्ड फाउंडेशन असावे. निसर्ग संवर्धनाच्या छोट्या प्रकल्पांसाठी ते काही हजार पौंडांची अनुदाने देते, नवख्या संशोधकांनाही देते, आणि एक टप्पा नीट पूर्ण झाला की पुढच्या टप्प्यासाठी पुन्हा अर्ज करता येतो. अडचण पैसे मिळण्याची नसून ते स्वीकारण्याची आहे. विदेशी योगदान (विनियमन) अधिनियम २०१०, म्हणजे एफसीआरए, फक्त संस्थांनाच लागू आहे असा समज चुकीचा आहे. त्याच्या व्याख्येत व्यक्तीही येते. म्हणून अर्ज करण्याआधीच या कायद्याची माहिती असणाऱ्या सनदी लेखापालाचा सल्ला घ्यावा. एखाद्या एफसीआरए नोंदणी असलेल्या संस्थेने पैसे घेऊन पुढे आपल्याकडे वळते करावेत, ही जुनी पद्धत २०२० च्या दुरुस्तीने बंद झाली आहे. मात्र त्या संस्थेने प्रकल्प स्वतःचा म्हणून चालवला आणि आपण तिचे संशोधक म्हणून काम केले, तर तो निराळा मामला ठरतो. खवले मांजर वन्यजीव कायद्याने संरक्षित असल्यामुळे वन विभागाची परवानगीही आधी लागेल, आणि तिला वेळ लागतो.

प्रश्न : आमच्या बचत गटाने भात, नागली आणि वालाची जुनी वाणे जपली आहेत. आम्हाला काही मिळू शकेल का?
— एक महिला गट, जव्हार तालुका

उत्तर : होय. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क प्राधिकरणाचे प्लांट जीनोम सेव्हिअर पुरस्कार अशा कामासाठीच आहेत. समूहासाठीचा पुरस्कार १० लाख रुपयांचा असून शेतकऱ्यांसाठी वैयक्तिक पुरस्कारही असतात. अर्जाला जिल्हा कृषी अधिकारी, कृषी विद्यापीठ किंवा गावची जैवविविधता समिती यांपैकी कोणाची तरी शिफारस जोडावी लागते. त्याआधी आपल्या वाणांची शेतकरी वाण म्हणून याच प्राधिकरणाकडे नोंदणी करावी. शेतकऱ्यांना त्यासाठी शुल्क नाही. प्रत्येक वाणाचे नाव, ते कोणाच्या घरून आले, किती दिवसांत तयार होते आणि कोणत्या जमिनीत साधते हे सांगणारा कागद बियाण्याच्या मडक्यावर आजच बांधा. अकोले तालुक्यातील राहीबाई पोपेरे यांना २०२० सालची पद्मश्री मिळाली, तिची सुरुवात घरातल्या बियाण्यापासूनच झाली होती.

प्रश्न : आमच्या शाळेच्या हरित सेनेची 'जागतिक हरित पुरस्कारा'साठी निवड झाल्याचे पत्र आले आहे. सोहळ्यासाठी साडेअठरा हजार रुपये भरायचे आहेत. भरावेत का?
— एक मुख्याध्यापक, बार्शी

उत्तर : भरू नयेत. प्रवेशशुल्क घेणारी प्रत्येक स्पर्धा खोटी असते असे नाही, पण अर्ज न करता निवड होणे आणि निवडीनंतर पैसे मागणे या दोन गोष्टी एकत्र आल्या, की तो पुरस्कार विकला जात आहे असे समजावे. परीक्षक कोण होते, आमच्या कामाची माहिती आपल्याला कोठून मिळाली आणि मागील वर्षीच्या विजेत्या शाळा कोणत्या, एवढे तीन प्रश्न ईमेलने विचारून पाहा. बहुधा उत्तर न येता भरण्याची मुदत वाढवल्याचा निरोप येईल. पैसे आधीच गेले असतील, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवावी आणि ते पत्र फाडून न टाकता जपून ठेवावे.