रात्री दोननंतर कॉलसाइन का निसटते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सीक्यू डब्ल्यूडब्ल्यूच्या सीडब्ल्यू स्पर्धेत (हौशी रेडिओवर मोर्स कोडने जगभर जास्तीत जास्त संपर्क साधायची स्पर्धा) शनिवारी दिवसभर हात छान चालतो, पण रात्री दोननंतर कॉल, म्हणजे समोरच्या स्टेशनचं ओळखचिन्ह, कानावर पडतो आणि टाइप करेपर्यंत अर्धा विसरतो, एकाग्रतेसाठी काय करावं?

प्राणायाम जरूर करा, पण आधी घड्याळ बघा. स्पर्धा आपल्याकडे शनिवारी पहाटे ५.३० ला सुरू होते. तुम्ही ४ ला उठला असाल, तर रात्री २ वाजता सलग २२ तास जागे आहात. इथे बिघडलंय ते वेळापत्रक.

४८ तास सोमवारी पहाटे ५.२९ ला संपतात, म्हणजे दोन रात्री पार पाडायच्या. मागच्या वर्षीचा लॉग उघडून तासागणिक क्यूएसओ, म्हणजे झालेले संपर्क, मोजा. १०० वॅट आणि वायर अँटेना असेल तर मध्यरात्रीनंतरचे दोन-तीन तास बहुधा सर्वांत मंद दिसतील. पहिल्या रात्री तिथे तीन तास झोपा, दुसऱ्या रात्री दीड. पण रविवारी पाचच्या आत खुर्चीत हवंच. नोव्हेंबरअखेर इंदुरात सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो, आणि सोमवारी तो उगवायच्या आधीच खेळ संपलेला असतो. ४० मीटर बँडवरची सूर्योदयाच्या वेळची दूरच्या संपर्कांची संधी शनिवार-रविवार दोनदाच. उठल्यावर पहिली १५-२० मिनिटं सीक्यू, म्हणजे सगळ्यांना उद्देशून हाक, देऊ नका, डोकं अजून गादीवरच असतं. बँडवर फिरून एकेकाला शोधून कॉल करा.

कानांचा थकवाही लोक एकाग्रतेच्याच खात्यात टाकतात. आरएफ गेन (रिसीव्हरची संवेदनशीलता) इतका मागे घ्या की बँडचा खरखराट जेमतेम ऐकू येईल, मग आवाज कमी करा. फिल्टर ४०० ते ५०० हर्ट्झ ठेवा. २०० वर सूर घुमतो, आणि फ्रिक्वेन्सीच्या थोडं बाजूला सरकून बोलावणारा ऐकूच येत नाही. मोर्सचा सूर ५००-५५० हर्ट्झच्या आसपास ठेवून दर काही तासांनी ५० ने बदला. दोननंतर पाठवण्याचा वेग मिनिटाला ३० वरून २६ शब्दांवर आणा. समोरचाही बहुधा तितकाच हळू येतो.

अर्धाच कॉल हाती लागला तर जेवढा कळला तेवढा प्रश्नचिन्हासह पाठवा. अंदाजाने भरू नका: चुकीचा कॉल लॉगमधून जातोच, वर त्या क्यूएसओच्या दुप्पट गुण कापले जातात. पुन्हा विचारायला तीन सेकंद लागतात. झोन, म्हणजे समोरच्याने पाठवलेला त्याच्या विभागाचा क्रमांक, हाही अंदाजाने भरू नका. सॉफ्टवेअर आपणहून आकडा भरतं, आणि पेंगुळलेला माणूस तो न ऐकताच एंटर दाबतो. अमेरिकेचे ३, ४, ५ इथेच फसवतात.

चहा-कॉफीचा अर्धा अंमल पाचेक तास टिकतो. एकला झोपायचं असेल तर शेवटचा कप आठच्या आत. सकाळी पोहे चालतील, जिलबी नको. दुपारी युरोपसाठी १० मीटर बँड उघडतो, नेमकी तेव्हाच कचोरी डोळ्यांवर येते.

आणि देवउठनीनंतर लग्नसराई असते. गल्लीतल्या डीजेपुढे उघडे हेडफोन कुचकामी ठरतात आणि नकळत आवाजाचं बटण वर जातं. कान पूर्ण झाकणारे घ्या, सोमवारची रजाही आत्ताच टाका, आणि त्या सकाळी गाडी चालवू नका.