आजीच्या जात्यावरच्या ओव्या फोनवर वाजतात, पण स्पीकरला पेन ड्राइव्ह लावला की वाजत नाहीत. फाइली कशा बदलाव्यात?

तुमच्याकडे तीन तऱ्हेच्या फाइली आहेत: तुमच्या फोनवरच्या एम४ए, मामांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या ओपस आणि जुन्या कीपॅड फोनमधल्या एएमआर. नावापुढचं एम४ए खोडून एमपी३ लिहून पाहिलंत, तरी स्पीकर गप्पच राहिला असं तुम्ही लिहिलंय. तो गप्पच राहणार. बरणीवर साखर लिहिलं म्हणून आतलं मीठ गोड होत नाही. फोन किंवा व्हीएलसी (संगणकावरचं मोफत प्लेअर) फाइलीच्या आत डोकावून ती वाजवतात, म्हणून आपल्याला वाटतं की नाव बदललं आणि काम झालं. साध्या स्पीकरमधल्या चिपला मात्र मोजकेच प्रकार कळतात, आणि त्यात एमपी३ हमखास असतो. ओपस तर २०१२ मध्ये प्रमाणित झालेला प्रकार आहे, तो अशा स्पीकरला बहुधा कळतच नाही.

तेव्हा एमपी३ करा. पण त्याआधी एक कळकळीची विनंती: मूळ फाइली पुसू नका. माझ्या आत्याची भोंडल्याची गाणी मी चांगल्या रेकॉर्डरवर वेव्ह या न दाबलेल्या प्रकारात घेतली होती. मेमरी कार्डात जागा हवी म्हणून सगळ्यांची ३२ केबीपीएसची (सेकंदाला ३२ किलोबिट, म्हणजे फारच कमी माहिती) एमपी३ केली आणि मूळ फाइली काढून टाकल्या. आत्या आता नाही. टाळी वाजवताना तिच्या काचेच्या बांगड्या किणकिणायच्या, तो आवाज त्या एमपी३मध्ये नाही. शब्द सगळे आहेत, चाल आहे, बांगड्या नाहीत. एमपी३ करताना कानाला कमी जाणवेल असा भाग टाकून दिला जातो, आणि बिटरेट, म्हणजे हाच केबीपीएसचा आकडा, जितका कमी तितकं जास्त जातं. गेलेलं परत आणता येत नाही. नंतर मी त्याच एमपी३ची वेव्ह करून पाहिली, फाइल फक्त फुगली.

तुमच्या बाबतीत जात्याची घरघर सांभाळायची आहे. असा सलग, खरखरीत आवाज कमी बिटरेटला पाण्यात बुडबुडल्यासारखा ऐकू येतो आणि आजीचा शब्द त्यात बुडतो. म्हणून एम४ए आणि ओपस फाइलींना १२८ केबीपीएसच्या खाली जाऊ नका, १९२ दिलंत तर उत्तम. १२८ला मिनिटाला साधारण १ एमबी लागतो, म्हणजे तासभराच्या ओव्या ६० एमबीच्या आसपास. आजच्या पेन ड्राइव्हला ते काहीच नाही.

एएमआरचं वेगळं आहे. तो प्रकार फोनवरच्या बोलण्यासाठी बनलेला. त्यात आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेतात (यालाच सॅम्पल रेट म्हणतात), त्यामुळे ४००० हर्ट्‌झच्या वरचं त्यात मुळातच नसतं. त्यांना ६४ केबीपीएस मोनो (एकच चॅनेल) पुरे. सॅम्पल रेट मात्र ४४१०० ठेवा. ८०००चा एमपी३ बनतो खरा, पण काही प्लेअर तो घेत नाहीत.

करायचं कसं? कुठल्या वेबसाइटवर घरचे आवाज चढवायची गरज नाही. संगणकावर व्हीएलसी असेल तर त्यातच होतं. मूळ फोल्डरची प्रत करा आणि त्या प्रतीवरच काम करा. व्हीएलसीत ‘मीडिया’ मेनूमधलं ‘कन्व्हर्ट/सेव्ह’ उघडा, फाइल जोडा आणि प्रोफाइलमध्ये ‘ऑडिओ - एमपी३’ निवडा. शेजारच्या पान्याच्या चित्रावर दाबलंत की बिटरेट, चॅनेल आणि सॅम्पल रेट बदलता येतात. मग नव्या फाइलीला नाव देऊन ‘स्टार्ट’.

मामांनी आजीला व्हॉट्सॲपच्याच माइकवर रेकॉर्ड केलं असेल, तर ती ओपस फाइल हीच मूळ प्रत. दुसऱ्या कुठल्या रेकॉर्डरवर घेतलं असेल, तर ती फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा, जशीच्या तशी येते.

एवढं करूनही स्पीकर गप्प राहिला तर पेन ड्राइव्ह तपासा. ड्राइव्हवर फाइली मांडायच्या पद्धतींपैकी बरेच स्पीकर आणि गाडीतले स्टिरिओ फक्त फॅट३२ वाचतात, आणि मोठे पेन ड्राइव्ह बहुतेक वेळा एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीत येतात. ३२ जीबीचा किंवा त्याहून लहान घ्या आणि फॅट३२मध्ये फॉरमॅट करा. फॉरमॅट केल्यावर त्यातलं सगळं जातं, हे ध्यानात असू द्या. फाइलींची नावं इंग्रजी अक्षरांत ठेवा आणि सुरुवातीला दोन आकडी क्रमांक द्या. मराठी नावांच्या जागी स्पीकरच्या पडद्यावर नुसत्या चौकटी दिसू शकतात. क्रमाचंही तसंच: काही प्लेअर ज्या क्रमाने फाइली कॉपी झाल्या त्याच क्रमाने वाजवतात, तेव्हा एकेक करून ओळीने कॉपी करा.

आधी एकच ओवी करून स्पीकरला लावून बघा. ती वाजली की बाकीच्यांना तीच सेटिंग.

आणि एएमआर फाइली अजून त्या कीपॅड फोनमध्येच असतील, तर हे सगळं राहू द्या, आधी त्या बाहेर काढा. फोनची बॅटरी फुगलेली दिसली तर चार्जिंगला लावू नका. फाइली मेमरी कार्डात असतील तर कार्ड काढून रीडरने वाचा. फोनच्या आतल्या मेमरीत असतील तर मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बॅटरी बदलून घ्या, आणि फोन रीसेट करू नका असं दुकानदाराला दोनदा सांगा.