बहिणीच्या फोटोंवरून कोणी फेक अकाउंट काढून पैसे मागत असेल तर आधी काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर भांडुपला, बहीण २२ वर्षांची. तिचे साधे फोटो उचलून कोणीतरी एआयने नग्न फोटो बनवलेत. तिच्या नावाच्या इन्स्टाग्राम अकाउंटवरून ते ओळखीच्यांना जातायत आणि टेलिग्रामवर १५ हजार मागितले जातायत. आई म्हणते, देऊन मोकळे व्हा. तुम्ही विचारताय, पोलिसांत जायचं की आधी अकाउंट बंद करायचं?

दोन्ही करायचं, पण त्याआधी अर्धा तास पुराव्याला द्या. पुरावा, मग रिपोर्ट, मग ब्लॉक, हा क्रम मोडू नका. घाबरलेली माणसं नेमकं उलट करतात. आधी ब्लॉक करतात, मित्रांना भराभर रिपोर्ट मारायला सांगतात, अकाउंट उडतं आणि पोलिसांसमोर ठेवायला कापलेला एक स्क्रीनशॉट उरतो, ज्यावर ना लिंक ना तारीख.

पैसे देऊ नका. पैसे आले म्हणजे हे घर घाबरतं आणि घरात पैसा आहे, एवढंच मागणाऱ्याला कळतं आणि पुढची मागणी येते. त्याला शिव्या, विनवण्या किंवा पोलिसांची धमकीही नको, उत्तर देणंच थांबवा. त्याने यूपीआय आयडी किंवा क्यूआर पाठवला असेल तर तो जपा. तुमच्या पेमेंट अ‍ॅपमध्ये तो आयडी टाकला की पैसे न पाठवताही खातेदाराचं नाव दिसतं. त्या स्क्रीनचा फोटो घ्या. खातं भाड्याने घेतलेलं असू शकतं, पण त्यामागे केवायसी असते आणि तपासाला सुरुवात करायला ते पुष्कळ आहे. कोणी आधीच पैसे पाठवले असतील तर व्यवहाराचा यूटीआर नंबर (बँकेचा संदर्भ क्रमांक) हाताशी ठेवून लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता आली तरच हाती लागते.

आता पुरावा. इन्स्टाग्रामवरचं युजरनेम केव्हाही बदलता येतं, म्हणून नुसतं नाव लिहून भागत नाही. प्रोफाइलची लिंक, शिवाय प्रत्येक पोस्टची वेगळी लिंक कॉपी करून एका फाइलमध्ये टाका. युजरनेम बदललं तरी पोस्टची लिंक तीच राहते. प्रोफाइलवरच्या तीन टिंबांत 'अबाउट धिस अकाउंट' दिसलं तर तेही टिपून ठेवा, अकाउंट कधी उघडलं ते तिथे कळतं. जमलं तर लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये उघडून स्क्रीनशॉट घ्या, म्हणजे वरची लिंकची पट्टी आणि कोपऱ्यातली वेळ आपोआप येते.

टेलिग्रामचं प्रकरण घाईचं. समोरचा माणूस चॅट दोन्हीकडून पुसू शकतो, मग तुमच्या फोनवरही काही उरत नाही. म्हणून सुरुवात तिथूनच करा. आधी त्याचं प्रोफाइल उघडून युजरनेम दाखवा, मग पहिल्या मेसेजपासून शेवटपर्यंत सरकत जाऊन दुसऱ्या फोनने सलग व्हिडिओ काढा. व्हॉट्सअ‍ॅपवर एकदाच उघडणारा फोटो आला असेल तर त्याचा स्क्रीनशॉट निघत नाही, तिथेही दुसरा फोनच कामाला येतो. हे सगळं एका पेन ड्राइव्हवर ठेवा. घरच्या ग्रुपवर टाकू नका.

ज्यांना ते फोटो गेले त्यांच्याकडून फोटो परत मागवू नका. कोणत्या अकाउंटवरून, किती वाजता आला एवढं सांगा म्हणावं आणि त्या मेसेजचा फोटो झाकलेला स्क्रीनशॉट द्या म्हणावं. 'बघ तुझ्या बहिणीचं काय आलंय' म्हणून तो पुढे पाठवणाराही माहिती तंत्रज्ञान (आयटी) कायद्याच्या कलम ६७ च्या कचाट्यात येतो, हे काका-मामांना स्पष्ट सांगितलेलं बरं.

इथे एक मोठा अपवाद आहे. फोटोतली व्यक्ती १८ वर्षांखालची असेल तर त्या फोटोंच्या प्रती साठवूच नका. पॉक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम १५ खाली असा मजकूर जवळ ठेवणंही गुन्हा ठरू शकतं आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये त्यावर कडक निकाल दिला आहे. अशा वेळी फक्त लिंक, अकाउंट आणि वेळ लिहून घ्या आणि थेट पोलिसांकडे जा किंवा १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला फोन करा.

मग रिपोर्ट. अकाउंट 'स्पॅम' म्हणून रिपोर्ट केलं की बहुतेक वेळा काहीच होत नाही. तोतयेगिरीचा पर्याय वेगळा, नग्न फोटोंचा वेगळा, दोन्ही करा. प्रोफाइल एकदा आणि प्रत्येक पोस्ट स्वतंत्र. तोतयेगिरीची तक्रार बहिणीने स्वतःच्या अकाउंटवरून केली तर वजन जास्त पडतं. सोबत कंपनीच्या भारतातल्या तक्रार अधिकाऱ्याला मेल करा. पत्ता त्यांच्या मदत पानावर असतो. मेलमध्ये सगळ्या लिंका द्या आणि लिहा: 'माहिती तंत्रज्ञान नियम २०२१, नियम ३(२)(ख) नुसार तक्रार. माझी नग्न, बनावट छायाचित्रं माझ्या संमतीशिवाय प्रसारित होत आहेत.' मुद्दाम बनवलेले फोटोही या नियमात येतात आणि उशिरात उशिरा दोन तासांत ते हटवणं कंपनीवर बंधनकारक आहे (फेब्रुवारी २०२६ पर्यंत ही मुदत २४ तासांची होती). बहिणीच्या वतीने तुम्हीही ही तक्रार करू शकता. दाद लागली नाही तर केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ३० दिवसांच्या आत ऑनलाइन अपील करता येतं.

मजकूर हटवला म्हणजे पुरावा गेला अशी भीती असते. याच नियमांनुसार हटवलेला मजकूर आणि त्याच्या नोंदी कंपनीने तपासासाठी १८० दिवस सांभाळायच्या असतात. मात्र त्या मागायचं काम पोलिसांचं, तुम्हाला त्या कोणी देणार नाही. म्हणून तक्रार रेंगाळू देऊ नका.

पुन्हा पसरू नये म्हणून स्टॉप एनसीआयआय ही मोफत सोय आहे. फोटो फोनमध्येच राहतो, त्याचा फक्त डिजिटल ठसा तयार होऊन सामील कंपन्यांकडे जातो. फेसबुक, इन्स्टाग्राम, रेडिट त्यात आहेत. हे बहिणीने स्वतः करायचं आणि त्यासाठी तो फोटो तिच्या फोनमध्ये असावा लागतो, म्हणून आधी डिलीट करू नका. फोटो बराच कापला-बदलला तर ठसा जुळत नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या खासगी चॅटमध्ये याचा उपयोग नाही. १८ खालच्यांसाठी वेगळी सोय आहे, तिचं नाव टेक इट डाउन.

पोलिसांकडे दोन वाटा आहेत आणि दोन्ही धरा. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर महिला-बालकांच्या विभागात तक्रार करताना निनावी पर्याय घेऊ नका, कारण निनावी तक्रारीचा पुढे पाठपुरावा करता येत नाही. पोर्टलची पोच म्हणजे एफआयआर नव्हे, हेही ध्यानात ठेवा. म्हणून दुसऱ्याच दिवशी भांडुप पोलीस ठाण्यात लेखी अर्जाच्या दोन प्रती, आधार कार्ड, स्क्रीनशॉटच्या प्रिंट, लिंकांची यादी, पेन ड्राइव्ह आणि पोर्टलचा क्रमांक घेऊन जा. एका प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. अर्जात कलमं लिहीत बसू नका, ते काम त्यांचं. तारीख, वेळ, लिंक, मागितलेली रक्कम, यूपीआय आयडी, एवढं क्रमाने आलं की पुरे.

तिथे तीन अडचणी हमखास येतात. 'ही आमची हद्द नाही' हे पहिलं उत्तर. कॉलेज ठाणे शहरात असो की आरोपी बिहारमध्ये, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा शून्य क्रमांकाने (झिरो एफआयआर) नोंदवून योग्य हद्दीच्या ठाण्याकडे पाठवता येतो. मुंबईत पाच प्रादेशिक सायबर पोलीस ठाणी आहेत, म्हणून 'तिकडे जा'ही ऐकू येईल. पण जवळच्या ठाण्याला तक्रार घ्यावीच लागते. दुसरी अडचण, एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद लिहून बोळवण. आयटी कायद्यातलं ओळखचोरीचं कलम ६६सी आणि अश्लील मजकुराचं ६७ यांना तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, त्यामुळे ते दखलपात्र गुन्हे आहेत, म्हणजे पोलिसांना एफआयआर घ्यावाच लागतो. एनसीवर समाधान मानू नका. तिसरी, 'साहेब बंदोबस्ताला गेलेत'. आयटी कायद्याचा तपास निरीक्षक किंवा वरच्या दर्जाचाच अधिकारी करतो, तेव्हा निरीक्षक कधी भेटतील ते विचारून त्या वेळेला पुन्हा जा. पाठलाग किंवा विनयभंगाच्या कलमांत जबाब महिला अधिकाऱ्याने नोंदवायचा असतो, तशी मागणी करा. तरीही नकार मिळाला तर परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांना टपालाने अर्ज पाठवा, त्यानंतर दंडाधिकारी. वकिलाची फी परवडत नसेल तर महिलांना उत्पन्नाची अट न घालता मोफत विधी सेवा मिळते, १५१०० या विधी सेवा हेल्पलाइनवर विचारा.

एका गोष्टीवर मात्र माझं ठाम मत आहे: बहिणीचा फोन काढून घेऊ नका, कॉलेज बंद करू नका. 'डीपी कशाला ठेवला होतास' हा प्रश्नही नको. घरात असं घडलं की पुढच्या वेळी ती सांगणारच नाही, आणि धमकावणाऱ्याची सगळी भिस्त त्याच गुपितावर असते. कोणाला सांगायचं, एफआयआर करायचा की नाही, हे तिने ठरवायचं. तुम्ही अर्ज टाइप करा, प्रिंट काढा, तिच्यासोबत ठाण्यात बसा. येणारे मेसेज वाचायचं काम मात्र तिच्या संमतीने स्वतःकडे घ्या. दर अर्ध्या तासाला ते पाहणं हाच मोठा छळ असतो. झोप उडाली, जेवण सुटलं, 'मी नसतेच तर' अशी भाषा आली, तर १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक रात्रीही चालतो आणि मराठीत बोलता येतं. तेव्हा तिला एकटं सोडू नका. ऑनलाइन छळासाठीच काम करणारी मुंबईतल्या रती फाउंडेशनची मेरी ट्रस्टलाइन ही हेल्पलाइन आहे, रिपोर्ट करायलाही ते मदत करतात. महापालिकेच्या काही रुग्णालयांत हिंसाचार सोसणाऱ्या महिलांसाठी दिलासा केंद्रं आहेत. पहिलं वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू झालं.

फोटो आले कुठून, हेही तपासा. सार्वजनिक प्रोफाइलवरचे असतील तर अकाउंट प्रायव्हेट करा आणि टॅग केलेले फोटो लपवा. पण एखादा फोटो कुठेच टाकलेला नसेल, फक्त फोनमध्ये असेल, तर व्हॉट्सअ‍ॅपचे लिंक्ड डिव्हाइसेस आणि गूगल खात्यात कुठे-कुठे लॉगिन आहे ते बघा, सुरक्षित फोनवरून पासवर्ड बदला, रिकव्हरी नंबर तपासा. मात्र अनोळखी डिव्हाइस दिसलं तर काढून टाकण्याआधी त्याचा स्क्रीनशॉट घ्या. तो माणूस बहुधा ओळखीतलाच निघतो. कॉलेजमधला असेल तर तिथल्या अंतर्गत तक्रार समितीकडेही अर्ज करता येतो.

आणि ज्या फोनवर हे मेसेज आले तो विकू नका, रिसेट करू नका, एक्स्चेंजमध्ये देऊ नका. न्यायालयात स्क्रीनशॉटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे डिजिटल पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि पोलीस मूळ फोनही मागू शकतात. तो देण्याआधी बॅकअप घ्या आणि जप्तीच्या पंचनाम्याची प्रत मागून घ्या.